पडद्यावरचा कुत्रा बोलतो तरी कसा?

जुलै २०१० च्या अखेरीस अमेरिकेत ‘कॅट्स अँड डॉग्ज: द रिव्हेंज ऑफ किटी गॅलोर’ हा सिनेमा लागला. २००१ साली आलेल्या ‘कॅट्स अँड डॉग्ज’चा हा दुसरा भाग. माणसांना पत्ता लागू न देता कुत्र्यांनी आणि मांजरांनी आपापली हेरखाती चालवली आहेत, दोन्ही जमातींचं पिढीजात वैर आहे, आणि अंगावरचे सगळे केस गमावलेली किटी गॅलोर नावाची मांजर सूड उगवायला निघाल्यामुळे दोघांना नाइलाजाने एकत्र यावं लागतं, अशी ही गोष्ट. डिग्ज हा उतावळा पोलिसी कुत्रा, बुच हा खडूस म्हातारा हेर, कॅथरीन ही शिस्तीची मांजर आणि शेमस हे तोंडाळ कबूतर. सगळे बोलतात, आणि भरपूर बोलतात.

समीक्षकांनी सिनेमा डोक्यावर घेतला नाही. मलाही तो गोष्ट म्हणून थोर वाटत नाही. पण खऱ्या कुत्र्याला पडद्यावर बोलतं कसं करतात, हे समजून घ्यायला तो फार चांगला आहे, कारण या कामात लागणारी जवळपास प्रत्येक युक्ती त्यात कुठे ना कुठे येते. लहान मुलं हमखास विचारतात, “तो खरंच बोलला का?” त्यांना “कॉम्प्युटरने करतात” एवढ्यावर गप्प बसवणं मला पटत नाही. ते उत्तर अपुरं तर आहेच, आणि त्यात कित्येक माणसांचे आणि जनावरांचे कष्ट गायब होतात.

आधी एक फरक. पूर्ण ॲनिमेशनपटात कुत्रा पहिल्यापासून चित्रच असतो, त्याचं तोंड हवं तसं वळवता येतं. इथे आपण बोलतोय ते खऱ्या जनावरांसोबत केलेल्या चित्रीकरणाबद्दल. कुत्रा खरा, त्याचे केस खरे, बसणं-उठणं खरं. नंतर घातलेलं असतं ते फक्त बोलणं. आणि हे बोलणं पटतं ते सगळ्यात आधी नजरेमुळे, मानेच्या हालचालीमुळे आणि आवाजामुळे. तोंड हलवण्याचं काम सर्वांत शेवटी येतं.

नजरेपासून सुरुवात करू. समजा, दृश्यात कुत्रा मांजरीला काहीतरी सुनावतो आहे. सेटवर बहुतेक वेळा तिथे मांजर नसतेच. कॅमेऱ्याच्या शेजारी कुत्र्याचा प्रशिक्षक उभा असतो. त्याच्या हातात एक काठी, काठीच्या टोकाला खाऊचा तुकडा. मांजरीचा चेहरा जिथे यायचा, नेमक्या त्या उंचीवर ते टोक धरायचं. कुत्र्याने तिकडे पाहिलं, मान किंचित कलली, की दुसऱ्या हातातली लहानशी डबी दाबायची. ‘टिक’ असा आवाज होतो. हा आवाज झाला म्हणजे आपलं बरोबर आलं आणि आता खाऊ मिळणार, हे त्या कुत्र्याला सरावाने पक्कं ठाऊक झालेलं असतं. मग मांजरीची पाळी. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, प्रकाश बदलायचा नाही. कुत्र्याला बाहेर न्यायचं, मांजरीला आणायचं आणि तिच्या बाजूने तेच करायचं. दोन्ही चित्रं नंतर मधोमध जोडली की एकाच चौकटीत संभाषण तयार. यात नजर चार बोटं जरी चुकली तरी भास मोडतो. ओठ कितीही सुबक हलवले तरी कुत्रा भिंतीशी बोलतोय असं दिसतं.

एका पात्रासाठी एकच जनावर असतं असंही नाही. सारखे दिसणारे दोन-चार कुत्रे तयार ठेवतात. एक शांत बसण्यात पटाईत असतो, एक धावण्यात, एक नेमक्या जागी येऊन थांबण्यात. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९५ चा ऑस्ट्रेलियात चित्रित झालेला ‘बेब’. त्यातला नायक डुकराचं पिल्लू आहे आणि पिल्लं भराभर वाढतात, म्हणून त्या एका भूमिकेसाठी तब्बल ४८ पिल्लं वापरावी लागली.

मांजरांचं गणित वेगळं आहे. कुत्रा खाऊसाठी काम करतो आणि शाबासकीसाठीही करतो. मांजर खाऊसाठी करते, तेही पोट भरेपर्यंत. त्यामुळे मांजरीची दृश्यं लहान तुकड्यांत घेतात. पोट भरलं की त्या दिवसापुरतं तिचं काम संपलं, असं धरून चालावं लागतं.

जनावरांना त्रास होतो का, हा प्रश्न कुणालाही पडेल, आणि पडायलाच हवा. एके काळी भयंकर होत असे. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’ या सिनेमासाठी एका घोड्याला कड्यावरून खाली पाण्यात पाडलं आणि तो मेला. त्यावरून गदारोळ झाला आणि १९४० पासून ‘अमेरिकन ह्यूमेन’ या संस्थेची माणसं हॉलिवुडच्या सेटवर लक्ष ठेवू लागली. सिनेमाच्या शेवटी एकाही प्राण्याला इजा झालेली नाही अशी जी ओळ येते, ती याच संस्थेची. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि २००१ च्या नियमांनुसार सिनेमात जनावर वापरायचं तर आधी नोंदणी आणि परवानगी लागते. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना खेळासाठी वापरायला तर बंदीच आहे.

आता तोंडाकडे येऊ. संगणक यायच्या आधीही जनावरं पडद्यावर बोलतच होती. १९६१ ते १९६६ या काळात अमेरिकन टीव्हीवर ‘मिस्टर एड’ नावाचा बोलणारा घोडा घरोघरी लाडका होता. त्याच्या ओठाला पीनट बटर लावत, ते चाटताना तोंड हलायचं आणि त्यावर आवाज घालत, ही गोष्ट कित्येक वर्षं सांगितली जायची. मालिकेतला त्याचा सहकलाकार ॲलन यंग याने पुढे सांगून टाकलं की ती गोष्ट त्यानेच रचली होती. खरी युक्ती कळली तर मुलांचा विरस होईल असं त्याला वाटलं. खरी युक्ती साधी होती. ओठाखालून बारीक धागा घेतलेला असे आणि तो ओढला की घोडा ओठ हलवून तो काढायला बघे. पुढे त्या हुशार जनावराला धाग्याचीही गरज उरली नाही. प्रशिक्षकाने खुराला हात लावला की ते ओठ हलवायचं.

पण धाग्याने हलणारे ओठ शब्दांशी जुळत नाहीत. शब्द जुळायचे तर ओठांचा आकार ताब्यात हवा. ‘बेब’ने ते करून दाखवलं, काही ठिकाणी यंत्रावर चालणाऱ्या हुबेहूब बाहुल्या वापरून आणि काही ठिकाणी खऱ्या जनावराच्या चित्रातच संगणकाने बदल करून. १९९६ च्या ऑस्कर सोहळ्यात दृश्य परिणामांचा (व्हिज्युअल इफेक्ट्सचा) पुरस्कार ‘अपोलो १३’सारख्या अंतराळपटाला मागे टाकून या डुकराच्या पिल्लाच्या सिनेमाला मिळाला. तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं असेल. मला तो निकाल अगदी रास्त वाटतो. रॉकेट कसं उडतं हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. जनावराचं तोंड कसं हलतं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे तिथली चूक लगेच पकडली जाते.

शब्द जुळणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपली वर्णमालाच तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. ते बाहेरून दिसतं. उ आणि ओ म्हणताना ओठांचा चंबू होतो, तोही दिसतो. आ म्हणताना जबडा उघडतो. पण क, ग, ट, ड, न, ण ही सगळी कामं जीभ आत करते, बाहेरून जवळजवळ काहीच कळत नाही. म्हणजे कानाला चाळीसेक ध्वनी ऐकू येत असले तरी डोळ्याला वेगळे दिसणारे तोंडाचे आकार दहा-पंधराच असतात. ॲनिमेटर ध्वनींच्या मागे धावतच नाही. तो या मोजक्या आकारांची माळ ओवतो.

एक वाक्य घेऊन बघू. ताटाशेजारी बसलेला कुत्रा म्हणतो, “बाबा, मला पण!” यात ओठ चार वेळा मिटायला हवेत: ‘बा’साठी, पुन्हा ‘बा’साठी, ‘म’साठी आणि ‘प’साठी. हे चार क्षण बरोबर साधले तर मधल्या ‘ला’ आणि ‘ण’ला तोंड थोडंफार कसंही असलं तरी चालतं, पाहणाऱ्याचं मन ती जागा स्वतःच भरून घेतं. पण चारपैकी एका जागी ओठ उघडे राहिले, की आवाज वरून चिकटवल्यासारखा वाटतो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. हे वाक्य दीड सेकंदाचं धरलं तर ३६ चित्रं झाली. त्यांत ओठ मिटल्याचं डोळ्याला जाणवायला मिटलेला आकार निदान दोन चित्रं टिकावा लागतो, आणि तो आवाजाच्या एखादं चित्र आधी यावा लागतो. आपणही ‘ब’ म्हणण्याआधी ओठ मिटतो, आवाज त्यानंतर फुटतो.

आता हे खऱ्या कुत्र्याच्या चेहऱ्यावर बसवायचं. पहिलं काम, त्या ३६ चित्रांत कुत्र्याचं डोकं कुठे होतं, किती वळलं, कॅमेरा किती सरकला याचा अचूक माग काढणं. मुंबईतल्या स्टुडिओंत याला मॅचमूव्हच म्हणतात. यात केसभर चूक झाली तर नवं तोंड जुन्या चेहऱ्यावरून घसरताना दिसतं. दुसरं, चहूबाजूंनी घेतलेल्या फोटोंवरून आणि मापांवरून त्या कुत्र्याच्या डोक्याचा त्रिमितीय साचा संगणकात बनवणं. तिसरी पायरी मला सगळ्यात सुंदर वाटते. समजा, प्रोजेक्टरचा पडदा सपाट नसून कुत्र्याच्या तोंडाच्या आकाराचा आहे आणि त्यावर त्याच कुत्र्याचा फोटो बरोबर बसेल असा टाकला आहे. आता तो पडदा जबड्यापाशी वाकवला तर फोटोतला जबडाही वाकेल. नेमकं हेच करतात. चित्रातला कुत्रा त्याच्याच साच्यावर पसरवायचा आणि साच्याचा जबडा, ओठ, गाल हलवायचे. केस, ओल, उजेड सगळं मूळ चित्रातलंच राहतं, म्हणून ते खरं दिसतं.

तोंड उघडलं की आतलं काय? मूळ चित्रात तोंड मिटलेलं होतं, तेव्हा दात, जीभ, टाळू नव्याने घडवावे लागतात आणि आतला अंधार नीट मोजून घालावा लागतो. उलटंही होतं. कुत्रा धापा टाकत असेल तर लोंबणारी जीभ पुसून तिथे मागची भिंत किंवा त्याची छाती रंगवून काढावी लागते. प्रशिक्षकाचा चौकटीत आलेला हात, गळ्यातला दोर, हेही असंच पुसतात. एकेका चित्रातली कडा हाताने कापत बसण्याचं हे काम, रोटो आणि पेंट, अतिशय चिकाटीचं आहे, आणि श्रेयनामावलीत ही नावं सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत येतात.

इथे एक मोह आवरावा लागतो. साचा हातात आला की ओठ कसेही वळवता येतात, माणसासारखे पुढे काढता येतात, हसवता येतात. तसं केलं की कुत्रा कुत्रा राहत नाही आणि पाहणाऱ्याला नकोसं वाटतं. कुत्र्याचे ओठ बाजूने सैल आणि मागे लांबवर गेलेले असतात, त्याला ‘ओ’चा चंबू करताच येत नाही. जबडा फार उघडला तर तो बोलतोय याऐवजी भुंकतोय किंवा चावायला निघालाय असं वाटतं. म्हणून चांगले ॲनिमेटर तोंड थोडंच हलवतात आणि बाकीचं काम भुवया, कान आणि मानेवर सोपवतात. या बाबतीत कुत्र्यांना निसर्गाचीच मदत आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची भुवई वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला वाढलेला असतो आणि त्यांच्या भाऊबंद लांडग्यांत जवळपास नसतोच. कुत्रा केविलवाणं बघतो ते याच स्नायूच्या जोरावर. मांजरीच्या चेहऱ्यावर इतकं घडत नाही, म्हणून मांजर बोलती करणं जास्त अवघड.

दुसऱ्या भागातली खलनायिका तर बिनकेसांची मांजर आहे. स्फिंक्स ही बिनकेसांच्या मांजरांची जात १९६६ साली कॅनडात टोरांटोला जन्मलेल्या एका केसविरहित पिल्लापासून ओळखली जाऊ लागली. खरं जनावर न घेता अख्खी मांजर संगणकावर करायची, तर केस नाहीत म्हणजे सोपं, असं वाटेल. केस करणं कष्टाचं खरंच, लाखो केस वाऱ्याने हलायला हवेत, ओले झाल्यावर चिकटायला हवेत. पण उघडी कातडी चुका लपवत नाही. प्रकाश कातडीवर आपटून नुसता परत येत नाही, थोडा आत शिरतो आणि गुलाबीसर होऊन बाहेर पडतो. कानाच्या पाळीमागे दिवा धरला की हे आपल्यालाही दिसतं. हा शिरलेला प्रकाश हिशेबात घेतला नाही तर मांजर प्लॅस्टिकची वाटते. शिवाय प्रत्येक सुरकुती हालचालीबरोबर ताणली आणि दुमडली गेली पाहिजे.

२०१० हे थ्रीडीच्या लाटेचं वर्ष होतं. आदल्या डिसेंबरात ‘अवतार’ आला आणि सगळ्यांना थ्रीडी हवंसं झालं. किटी गॅलोरचा हा सिनेमाही थ्रीडीत दाखवला गेला. थ्रीडीत डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी किंचित वेगळी चित्रं लागतात. त्यात लोकरीसारख्या मऊ कडा म्हणजे डोकेदुखी, कारण प्रत्येक केस कुत्र्याचा की मागच्या भिंतीचा हे दोन्ही डोळ्यांसाठी ठरवावं लागतं.

आवाजाबद्दल थोडं. ओठांची अंतिम हालचाल आवाजावर बेतलेली असते, म्हणून नट जो ठहराव घेतो तोच कुत्र्याचा ठहराव होतो. डिग्जला जेम्स मार्सडनचा आवाज आहे, बुचला निक नोल्टीचा घोगरा, कॅथरीनला क्रिस्टिना ॲपलगेटचा आणि किटीला बेट मिडलरचा. मांजरांच्या हेरखात्याच्या प्रमुखाला आवाज दिलाय रॉजर मूरने, ज्याने १९७३ ते १९८५ मध्ये सात सिनेमांत जेम्स बाँड साकारला. सुरुवातीचं गाणं शर्ली बॅसीने गायलंय, जिने १९६४ च्या बाँडपटाचं ‘गोल्डफिंगर’ गायलं होतं. हे मुलांना कळावं अशी अपेक्षाच नाही. शेजारी बसलेल्या आईबाबांसाठी, आजोबांसाठी ते पेरलेलं आहे. कौटुंबिक सिनेमाला एकाच वेळी दोन पिढ्या हसवायच्या असतात.

आपल्याकडे असे सिनेमे अनेक घरांत टीव्हीवर हिंदीत पाहिले जातात आणि ते डबिंग माणसांच्या सिनेमापेक्षा कमी खटकतं. कारण वर आलंच आहे. कुत्र्याचे ओठ मुळातच मोजके आकार घेतात, त्यामुळे इंग्रजीसाठी हलवलेलं तोंड हिंदीलाही बऱ्यापैकी चालून जातं. अनुवाद करणाऱ्याने ओठ मिटण्याच्या जागी प, ब, म येईल असा शब्द शोधला, की काम फत्ते.

आणि पैसा. पहिला भाग सुमारे ६ कोटी डॉलरमध्ये झाला आणि त्याने जगभरात सुमारे २० कोटी कमावले, म्हणून दुसरा काढला. दुसऱ्याला सुमारे साडेआठ कोटी लागले आणि गल्ला ११ कोटींच्या आसपास राहिला. आकडा खर्चापेक्षा मोठा दिसतो, पण तिकिटाचा साधारण निम्मा पैसा सिनेमागृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा, म्हणजे हा हिशेब तोट्याचा. तिसरा भाग २०२० मध्ये थेट घरी बघायलाच काढला.

या धंद्यात दृश्य परिणाम करणाऱ्या कलाकारांच्या वाट्याला काय येतं, ते ‘रिदम अँड ह्यूज’ या कंपनीवरून दिसतं. ‘बेब’चे आणि पहिल्या ‘कॅट्स अँड डॉग्ज’चे दृश्य परिणाम करण्यात तिचा मोठा हात. मुंबई आणि हैदराबादेत तिचे स्टुडिओ होते, तिथे आपली मुलं कामाला होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’मधल्या वाघासाठी तिच्या माणसांना ऑस्कर मिळालं आणि त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ठरलेल्या रकमेत काम घ्यायचं, दिग्दर्शकाने पुन्हा पुन्हा बदल सांगायचे आणि त्या बदलांचे पैसे परिणाम करणाऱ्या कंपनीच्या अंगावर पडायचे, अशी ही पद्धत आहे. ती मला आजही अन्यायाची वाटते.

सिनेमा संपला की मुलं घरच्या कुत्र्याकडे वळतात आणि त्याच्या तोंडी वाक्यं घालू लागतात. घालू द्यावीत, त्यात गंमत आहे. पण एक गोष्ट त्यांना जरूर शिकवा. पडद्यावर कुत्र्याने जीभ ओठांवरून फिरवली की आपण हसतो. घरात कुणी मिठी मारलेली असताना किंवा तोंडापाशी तोंड नेलेलं असताना कुत्रा वारंवार ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो, तेव्हा बहुतेक वेळा तो अवघडलेला असतो. शेपूट हलत असली तरीही. अशा वेळी मुलाला हळूच बाजूला घ्या, कुत्र्यावर ओरडू नका, आणि त्याला उठून जायला दाराकडची वाट मोकळी ठेवा.